एक नाव गाळायचा प्रोग्राम

राहनाळ
६ मार्च २००५

उन्नतीबाय,

नमस्कार लांबूनच करतो, जवळ आलो की तू कान धरतेस. पत्र बघून घाबरू नको, कोणी गेलेलं न्हाय. मीच गेलोय, कामातून.

बारावीला दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा अण्णा म्हणाले, "आता एकतर कम्प्युटरचा क्लास, न्हायतर गोडाऊनच्या गेटवर वॉचमनची खुर्ची." खुर्चीत बसून राहणं मला जमत न्हाय, तुला म्हाईत हाय. शाळेत मला बाकावर टिकवायला दोन मास्तर लागायचे. म्हणून क्लास. भिवंडीत एका लूमच्या कारखान्यावर माडी हाय, तिथं. खाली माग खडखडतात आणि वर कीबोर्ड आपोआप हलतात. अन्सारी सर शिकवतात. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि रागावले की नुसतं बघणं.

परवा सरांनी लूप शिकवला. म्हणजे एकच काम मशीन पुन्हा पुन्हा करतं. मी अर्धंच ऐकलं, सर नमाजला गेले, आणि मी सगळ्या मशीनवर एक प्रोग्राम चालू करून ठेवला. सर परत आले तर प्रत्येक पडद्यावर 'सर चाय पिलाओ, सर चाय पिलाओ' वरून खाली धावतंय. पोरं हसून मेली. सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बहुत अच्छा. अब बंद कर."

बाय, मला ते बंद करता येईना. मी एस्केप दाबलं, एन्टर दाबलं, मशीनच्या डोक्यावर चापट मारली. सर चाय पिलाओ. शेवटी सर म्हणाले, "चालू करना तो बंदर भी कर लेगा. रोकना सीख के आ. तब तक मशीन को हाथ नहीं."

तू तिकडं रत्नागिरीला ह्याचाच डिप्लोमा करतेस. हॉस्टेलच्या फोनवर तुझी वॉर्डन मागं उभी राहते, आणि कंस-बिंस फोनवर सांगता येत न्हाय, म्हणून पत्र. लूप थांबवतात कसा ते लिही. पुस्तकातलं नको, मला झोप येते.

हां, आपल्या क्षितिजाचं जमलं. मुलगा काल्हेरचा. मेमध्ये लग्न. अण्णांना पत्रिकांवर हातानं लिहिलेली नावं नकोत, गोडाऊनमधल्या खोक्यांवर असतात तशा छापील चिठ्ठ्या पाहिजेत. ते काम माझ्या गळ्यात. म्हणून लवकर लिही.

तुझा लाडका (दुसरा कोण हाय?)
प्रितेश

रत्नागिरी
१३ मार्च २००५

प्रित्या,

माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं हे मला तुझ्या पत्रातून कळावं, तेही माकड आणि चहा झाल्यावर, सगळ्यात शेवटी. पडघ्याला माझ्या बाबांना कळवलं का कोणी? रविवारी फोनवर ते पावसाचं बोलले, खताच्या दुकानाचं बोलले, ह्याचं काही बोलले नाहीत.

अण्णांनी शेत गोडाऊनला दिलं, बांधावरचं उंबर तोडलं, आणि त्यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. आमचं बिऱ्हाड पडघ्याला गेलं. ते सगळं मला पाठ आहे. पण आपल्या घरात मांडवाच्या मेढीला उंबराची डहाळी नवरीचा चुलताच आणून बांधतो. आजोबांच्या वेळेपासून. आणि क्षितिजाला चुलता एकच आहे. अण्णा काय करणार आहेत ते विचार आणि मला कळव.

आता तुझा लूप. धोंडूबाई आजी लग्नात धवले गाते ते डोळ्यांसमोर आण. ओळ तीच, फक्त नाव बदलतं. जिचं-ज्याचं नाव आलं त्यानं उठायचं, आजीच्या सुपात मूठभर तांदूळ टाकायचे, मग आजी पुढच्या नावावर. हाच लूप. नावं संपली की गाणं संपलं, ही त्याची अट. तू तुझ्या चहाला अट दिलीच नव्हतीस, मग तो थांबेल कशाला?

आणि मधेच थांबवायचं असेल तर ब्रेक. समज, नवरदेव रुसला, मांडवात भांडण लागलं. आजी सूप उचलते आणि उठते. गाणं तिथंच तुटलं, पुढची नावं राहिली ती राहिली.

समजलं नसेल तर परत वाच. अण्णांना विचारल्याशिवाय मला पत्र लिहू नको.

उन्नती

राहनाळ
२४ मार्च २००५

उन्नतीबाय,

तुझी आजी लागू पडली. सरांना तीच गोष्ट हिंदीतून सांगितली. ते हसले. मग मला खिडकीशी नेऊन खाली बोट दाखवलं. "देख. बाने का धागा टूटा तो लूम अपने आप रुक गया. वो ब्रेक." खाली एका मागाजवळ कारागीर गाठ मारत होता. आता मला मशीनला हात लावायची परवानगी हाय. चहा मात्र अजून पाजला न्हाय.

अण्णांना विचारतो. सध्या ते लय गरम हायत. मांडववाला, बेंजोवाला, आचारी, सगळे एकदमच अंगावर आलेत. थोडं थंड होऊ दे.

आता एक बारीक भानगड. चिठ्ठ्यांचा प्रोग्राम मी केला. मशीन एक नाव घेतं, छापतं, खाली गाव छापतं, मग पुढचं नाव. पण यादीत एक नाव चुकून दोनदा पडलंय, ते एकदा गाळायचंय. मी काय केलं, ते नाव आलं की ब्रेक, असं लिहिलं. नावं एबीसीडीप्रमाणे लावलीत. जानकीबाई आत्यापर्यंत सगळं झकास आलं. मग ते एक नाव छापलं आणि मशीन गप. पुढचा मोरूमामा न्हाय, नवशा न्हाय, आईच्या माहेरचं एक माणूस न्हाय. आईनं कागद बघितला.

"माझा भाव कुठं हाय?"

मी म्हणालो, "ब्रेकमध्ये गेला."

तिनं झारा उचलला होता, मी पळालो.

तर एकालाच गाळायचं आणि बाकीचे ठेवायचे, असा काय शब्द हाय का? लवकर सांग. पत्रिका छापून आल्यात, आणि अण्णा रोज विचारतात.

प्रितेश

रत्नागिरी
३१ मार्च २००५

प्रितेश,

जानकीबाई आत्याच्या पुढं एबीसीडीत कोण येतं ते मला कळतं. केसरीनाथ. ते नाव दोनदा लिहायला आपल्या घरात कोण बसलंय? तिथं ते एकदा लिहायचीच मारामार आहे. खोटं बोलायला तुला मीच शिकवलं लहानपणी, निदान नीट तरी बोल.

एकालाच गाळायचं असेल तर ब्रेकच्या जागी कंटिन्यू लिही. त्याचा अर्थ, हा फेरा इथंच सोड आणि पुढचा घे. आजीनं एक नाव गिळायचं आणि गाणं तसंच चालू ठेवायचं. ऐकणाऱ्याला कळतही नाही.

घे. माझ्या बाबांना गाळायची रीत मीच तुला लिहून दिली.

माझे पेपर जवळ आलेत.

उन्नती

राहनाळ
१२ एप्रिल २००५

बाय,

रागाव, पण वाच.

अण्णा म्हणाले होते, "त्याचं नाव नको. मोरू आणील डहाळी." एवढंच. मी काय बोलू? मला वाटलं तुला कळणार न्हाय. मी अख्ख्या क्लासला बनवतो आणि तुला एक नाव लपवता येत न्हाय.

पण पुढं काय झालं ते ऐक, तू हसशील. न्हाय हसलीस तरी वाच.

तू लिहिलंस तसं ब्रेक खोडला, तिथंच कंटिन्यू टाकला. चिठ्ठ्या न्यायला अण्णा स्वतः क्लासमध्ये आले, पांढरा शर्ट घालून. सरांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. मी प्रिंटरमध्ये तो सलग कागद लावला, कडेला भोकं असतात तो, नवा कोरा गठ्ठा. आणि दिलं चालू करून. आशाताई, भीमाआजी, जानकीबाई आत्या. अण्णा मान डोलावत होते. मग आलं श्री. केसरीनाथ मढवी, सहकुटुंब. मी म्हटलं आता उडी मारेल मोरूमामावर. तर पुन्हा श्री. केसरीनाथ मढवी, सहकुटुंब. पुन्हा. पुन्हा. प्रिंटर किरकिरतोय आणि काका बाहेर येतायत, एकाखाली एक, काका, काका, काका. ज्याला गाळायचा त्याच्यावरच मशीन बसलं.

मी सगळी बटणं दाबली. सरांनी दाबली. मशीन ऐकेना. प्रिंटरचा खटका तुटलेला हाय, त्याचा प्लगच काढावा लागतो, आणि प्लग भिंतीत, अण्णांच्या खुर्चीमागं. सर ओरडले, "साहब, प्लग निकालो." अण्णा उठले. प्लगजवळ गेले. आणि पुतळा झाले. गोडाऊनचे मालक, आणि प्लग काढता येईना. कागद जमिनीवर घड्या घालत येत होता आणि ते बघत होते. सर दोनदा ओरडले. मी टेबलाखालून जायला बघितलं तर अण्णांचे पाय आडवे. शेवटी गठ्ठाच संपला तेव्हा थांबलं.

अण्णा नुसतं म्हणाले, "हे जाळून टाक." आणि स्कूटर घेऊन गेले. सर म्हणाले, "बेटा, तेरा चाचा तो बड़ा जिद्दी है."

आता एवढी मेहनतीची वस्तू जाळतात काय? दुसऱ्या दिवशी दुपारी पडघ्याला गेलो. काका दुकान बंद करून जेवायला गेले होते. लूमवाल्याकडून डबाभर खळ नेली होती, सुताला लावतात ती. काकांचं सगळं शटर त्यांच्याच नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून भरून टाकलं, वरपासून खालपर्यंत, उरलेल्या बाहेर उभ्या त्यांच्या टेम्पोला. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "इलेक्शनला उभा हाय काय रे केसरीशेट?" मी म्हणालो, "बिनविरोध." आणि एसटी पकडली.

आता सांग, हसलीस का न्हाय?

प्रितेश

रत्नागिरी
१९ एप्रिल २००५

प्रित्या,

नाही हसले.

तुझं पत्र यायच्या आधीच बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "उनी, भावानं बोलावलं न्हाय ते ठीक. पण कुणाला तरी सांगून माझी थट्टा करवली. भर बाजारात." दोन दिवस ते पाण्याची बादली आणि सुरी घेऊन शटर खरवडत होते. ती तुझी खळ निघत नाही म्हणे. माझे बाबा फोनवर रडत नाहीत, ते खतावर बोलतात. ह्यावेळी खतावरही बोलले नाहीत.

मशीन का अडकलं ते आधी ऐक, म्हणजे परत करणार नाहीस. 'पुढच्या नावावर जा' ही ओळ तू सगळ्यात तळाला लिहिली आहेस. कंटिन्यू तिथपर्यंत पोचतच नाही, मधूनच वर उडी मारतो. मग वर परत तेच नाव, परत उडी, परत तेच. आजीनं नाव गिळलं खरं, पण पुढचं आठवायच्या आधीच सुरुवातीला गेली. आणि तू नाव छापून झाल्यावर अट तपासतोस, आधी नाही. म्हणून प्रत्येक उडीला एक काका.

हे झालं मशीनचं. आता अण्णांचं.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. अण्णा प्लगजवळ उभे होते. प्लग हाताशी होता. ज्या माणसानं गोडाऊनची सगळी वायरिंग स्वतः उभं राहून करून घेतली, त्याला प्लग काढता येत नाही? तू म्हणतोस पुतळा झाले. गाढवा, तू तिथं होतास आणि मी इथं आहे, आणि दिसलं मला.

आता तू पडघ्याला जा. शटरवर नको, दुकानात. समोर उभा राहा आणि बाबांना तेवढंच सांग. नाव गाळायला सांगितलं होतं हेही सांग, लपवू नको. आणि प्लगचं सांग. स्वतःचं काही घालू नको. गंमत करू नको. तुला जमणार नाही, तरी जा.

मला लग्नाला येता येणार नाही. मांडवाच्या दिवशीच पेपर आहे.

उन्नती

राहनाळ
८ मे २००५

उन्नतीबाय,

उशीर झाला लिहायला. जायलाच उशीर झाला, खरं सांगायचं तर. पडघ्याच्या एसटीत दोनदा बसलो आणि दोनदा अर्ध्यातून उतरलो. तिसऱ्यांदा कंडक्टरनंच विचारलं, "आज कुठपर्यंत?"

काका वजनकाट्यावर युरियाची गोणी चढवत होते. मला बघून थांबले न्हाय.

"शटर तू केलंस?"

"हां."

"खळ कुठली?"

"लूमची."

"तरीच."

मी सगळं सांगितलं. नाव नको म्हणाले होते ते सांगितलं. मशीन अडकलं ते सांगितलं. तू म्हणालीस तसं, काही घातलं न्हाय. मग प्लगचं सांगितलं. तेव्हा गोणी खाली आली.

"काय बोलला का?"

"न्हाय. वाचत होते."

"एकच नाव काय वाचायचं?"

"मला काय म्हाईत, काका."

ते गोणीच्या तोंडाची सुतळी बांधत बसले. बांधली, सोडली, परत बांधली. मग मान वर न करता विचारलं, "किती वेळ उभा होता?"

मी म्हणालो, "कागद संपेपर्यंत."

काका म्हणाले, "चहा पी आणि जा." येतो म्हणाले न्हाय, येत न्हाय म्हणाले न्हाय. पत्रिका द्यायला माझ्याकडं नव्हती. मी चहा पिऊन आलो. तेव्हापासून मांडवापर्यंत माझी काय हालत झाली विचारू नको. जेवताना पाय हलत होते. आईनं दोनदा विचारलं, कुणाच्या घराला आग लावून आलास काय.

मांडवाच्या दिवशी मोरूमामा सकाळीच डहाळी घेऊन हजर. अण्णांनी ती दाराआड उभी करायला लावली. मेढ पुरून झाली होती, नुसती डहाळी बांधायची बाकी. धोंडूबाई आजी सूप घेऊन बसली, तिच्यामागं चार बायका. गावातल्या देवांची नावं झाली, पितरांची झाली, आपल्या घरातल्यांची सुरू झाली. लोक उठतायत, तांदूळ टाकतायत. आजीला अण्णांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, केसरीचं नाव नको. आणि आजीनं ते घेतलं.

"उंबराची डहाळी कोन गो आनील, केसरीनाथ चुलता त्यो गो आनील."

कोणी उठलं न्हाय. सूप तसंच. आजीनं तीच ओळ परत म्हटली. मागच्या बायकांनी पण. मग परत. मला वाटलं, झालं, हिचं पण कंटिन्यू चुकलं.

मोरूमामा म्हणाला, "आजे, फुडं चल."

"तांदूळ कुठं पडलं?"

"तो येत न्हाय."

"मना फुडचा येत न्हाय त्याबिगर. मी हाय हितंच." आणि परत सुरू.

बेंजोवाली पोरं हसायला लागली. बायकांनी मांड्या बदलल्या. काल्हेरची दोन माणसं आली होती, ती एकमेकांकडं बघायला लागली. आई अण्णांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "थांबवा की हो तिला." तेव्हा मी अण्णांकडं बघितलं. मेढीला हात लावून उभे होते. बाय, तसेच. प्लगजवळ होते तसेच. मी आता दुसऱ्यांदा बघत होतो म्हणून मला दिसलं.

म्हणाले, "गाऊ दे."

आणि आजी गात राहिली. तिचा आवाज बसायला लागला, मागच्या बायकांचा तर कधीच बसला होता. मी रस्त्याकडं बघायचं बंद केलं. तेवढ्यात काकांचा टेम्पो आला. खताच्या गोण्यांवर डहाळी आडवी बांधलेली, चांगली हिरवीगार, उंबरं लागलेली. टेम्पोच्या मागच्या फळीवर माझी एक चिठ्ठी अजून चिकटलेली होती, पुसट.

काका उतरले. आधी सुपात तांदूळ टाकले. आजीनं वर बघितलं पण न्हाय, सरळ पुढच्या नावावर.

काका डहाळी घेऊन मेढीजवळ गेले. अण्णांनी पानं हातात घेऊन बघितली.

"कुठलं उंबर?"

"आपलंच. तू तोडलंस तेव्हा एक फांदी नेली होती. परसात लावली."

"जगली?"

"मग ही कुठून आणली?"

अण्णांनी खाली बघितलं. मग सुतळी पुढं केली आणि म्हणाले, "घट्ट बांध. वारा लय हाय." काकांनी बांधली, अण्णांनी डहाळी धरून ठेवली. बोलले ते एवढंच. नंतर जेवताना आचाऱ्याला मात्र दोघांनी मिळून शिव्या घातल्या.

मोरूमामाची डहाळी संध्याकाळी दाराआड शेळीनं खाल्ली. मामा रुसलाय, त्याला मी बघून घेतो.

अन्सारी सर लग्नाला आले होते. त्यांना मी तुझं ते कंटिन्यूचं विचारलं. म्हणालो, एवढी हुशार मुलगी, पुढच्या नावावर जायची ओळ वर घे हे मला लिहायला विसरली कशी? सर म्हणाले, "डिप्लोमा वाली लड़की ये नहीं भूलती." मी काय बोललो न्हाय. तू पण बोलू नको. आणि मला त्यांनी चहा पाजला, तुझ्या वाटचा पण मीच प्यायलो.

एक राहिलंच. काकांच्या नंतर आजीनं तुझं नाव घेतलं. तू तिकडं पेपर लिहीत होतीस, कोण उठणार? मी जागेवरून हललो न्हाय, मला वाटलं काका उठतील. काका तांदळाकडं हात नेतच होते. आजीनं दुसऱ्यांदा उन्नती म्हटलं आणि अण्णा पुढं झाले. मूठ भरून तुझ्या वाटचे तांदूळ टाकले, आणि आजीला म्हणाले, "हां, चल फुडं."

तुझा
प्रितेश